सावकाराचा परवाना आधी वाचा

नमस्कार. गहाणाच्या व्यवहारात व्याज आजही वर्षाचे नव्हे, तर महिन्याचे बोलले जाते. ‘शेकडा तीन’ असे कोणी म्हणाले की आकडा लहान वाटतो. प्रत्यक्षात ते वर्षाला ३६ टक्के होतात. नागपूरच्या इतवारीत दागिना गहाण ठेवायचा असो वा उमरेड-काटोलकडे पेरणीसाठी पैसे उचलायचे असोत, या व्यवहाराला कायद्याने मर्यादा घातली आहे, आणि ती ठाऊक नसल्याने माणसे नाडली जातात, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

सावकारी हा राज्यघटनेने राज्याच्या सूचीत ठेवलेला विषय आहे. महाराष्ट्राने १९४६ चा जुना मुंबई सावकार अधिनियम बाजूला ठेवून २०१४ मध्ये महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आणला. परवान्याचा अर्ज सहायक निबंधकाकडे जातो, चौकशी होते, आणि निर्णय जिल्हा निबंधक, म्हणजे सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक, घेतात. विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या कायद्याखाली २०१४ मध्येच दर ठरवण्यात आले. शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के. इतरांना अनुक्रमे १५ आणि १८ टक्के. आपल्या बोलीत सांगायचे तर शेतकऱ्याने तारण दिले असेल तर महिन्याला शेकडा बारा आणे, म्हणजे ७५ पैसे, आणि बिगरशेतकऱ्याने दागिना ठेवला असेल तर शेकडा सव्वा रुपया. चक्रवाढ व्याज लावता येत नाही, आणि व्याजाची एकूण रक्कम मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. जुन्या लोकांच्या तोंडी असलेला दामदुपटीचा नियम तो हाच.

परवान्यावरील एका ओळीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. ती ओळ कार्यक्षेत्राची. ज्या क्षेत्रासाठी परवाना दिला आहे, त्याबाहेर सावकाराला धंदा करता येत नाही. २०१५ मध्ये शासनाने विदर्भ आणि मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे परवानाधारक सावकारांकडील कर्ज माफ करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा सावकाराने कार्यक्षेत्राबाहेर दिलेले कर्ज त्यात बसत नव्हते. चूक सावकाराची होती आणि माफीला मुकला तो शेतकरी, हे मला आजही अन्यायाचे वाटते. म्हणून परवाना मागा, त्यावरील क्षेत्र आणि मुदत वाचा, आणि पावतीशिवाय एक रुपयाही परत करू नका.

सोनेतारण कंपन्यांची गोष्ट वेगळी आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या वित्तीय कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळ आणि गुजरातच्या प्रकरणांत स्पष्ट केले. तेथे वरील दर सांगून उपयोग नाही. त्यांच्यावर देखरेख रिझर्व्ह बँकेची, जिचे कार्यालय आपल्या संविधान चौकात आहे.

आता जमिनीविषयी. कर्जापोटी सावकाराने खरेदीखत करून घेतले असेल, तर अर्जाच्या तारखेपूर्वीच्या १५ वर्षांतील अशा व्यवहाराची चौकशी जिल्हा निबंधक २०१४ च्या सावकारी अधिनियमाच्या कलम १८ खाली करू शकतात, आणि तो सावकारीतून झाल्याचे सिद्ध झाल्यास दस्त अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. अर्ज करताना खरेदीखताची प्रत, सातबारा आणि हाती असलेली प्रत्येक चिठ्ठी सोबत न्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.