मेंढरांनी बांधलेला किल्ला

मंडळी, नमस्कार. आज इथे बसलेल्यांपैकी बरेचजण गडकिल्ल्यांवर वर्षानुवर्षं फिरलेले आहेत. किल्ला पाहिला की तो कोणी बांधला, कोणापासून वाचायला बांधला आणि वेढा कधी पडला, हे तुम्ही आधी विचारता. मीही तेच विचारत गेलो होतो. पण ज्या किल्ल्याविषयी मी बोलणार आहे, त्याची लढाईत कधी कसोटीच लागली नाही. तरी तो डोंगराच्या माथ्यावर, 1,460 मीटर उंचीवर, इतक्या कष्टानं बांधला गेला. तो का, हेच मला आज सांगायचं आहे.

इटलीच्या मधोमध, रोमच्या पूर्वेला आब्रुत्सो नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. लाक्विला हे तिथलं मुख्य शहर. त्याच्या उत्तरेला ग्रान सास्सोची रांग पसरलेली आहे. आपेनाइन पर्वतातलं सर्वांत उंच शिखर, 2,912 मीटरचं कोर्नो ग्रांदे, याच रांगेत आहे. या रांगेच्या दक्षिण उतारावर कालाशो हे गाव, आणि गावाच्या डोक्यावर, आणखी अडीचशे मीटर चढून गेलं की रोक्का कालाशो. रोक्का म्हणजे गढी, कडेकपारीवरचा किल्ला. किल्ल्याच्या पायथ्याशी त्याच नावाची एक वस्ती आहे. तिची बरीचशी घरं आज छपरं गेलेली आहेत. जी उभी आहेत ती त्याच पांढरट चुनखडीच्या दगडाची, इतकी की लांबून घर कुठे संपलं आणि कडा कुठे सुरू झाला ते कळत नाही.

किल्ला लहान आहे. आपल्याकडच्या गडांची सवय असलेल्या डोळ्यांना तर फारच लहान वाटेल. मधे एक चौकोनी बुरूज, त्याभोवती चौकोनी तटबंदी, आणि चार कोपऱ्यांवर चार गोल बुरूज. गोल बुरुजांचे पाय खाली रुंद होत गेले आहेत. मधला बुरूज सर्वांत जुना. आधी तो एकटाच उभा होता, नुसता टेहळणीसाठी. भोवतालची तटबंदी आणि गोल बुरूज नंतरचे, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जहागीर पिक्कोलोमिनी घराण्याकडे आली त्या काळचे. दार जमिनीपासून बरंच उंच होतं. लाकडी जिना लावायचा, वर जायचं आणि जिना आत ओढून घ्यायचा. आत राजवाडा नाही, दरबार नाही. कोणी सरदार इथे बिऱ्हाड करून राहिला नाही. इथे फक्त पहारेकरी राहायचे.

त्यांचं काम बघण्याचं होतं. रात्री मशाल आणि दिवसा आरसा वापरून एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर खूण द्यायची, तिथून तिसऱ्यावर, आणि अशी ती खूण आड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत पोचवायची. तटावर उभं राहिलं की याचा अर्थ लगेच कळतो. दक्षिणेला तिरिनो नदीचं खोरं आणि नावेल्लीचं पठार, जिथे आजही केशर पिकतं. उत्तरेला काम्पो इम्पेरातोरे या उंच पठाराकडे चढत जाणारी कुरणं. या दोन्हींच्या मधून वाट जाते, आणि तीवरून जाणारं काहीही या बुरुजाच्या नजरेतून सुटत नाही.

मग या वाटेवरून जात काय होतं? मेंढरं. हजारोंनी.

इथून पुढे मला थोडं सावकाश जाऊ द्या, कारण माझ्या दृष्टीनं या किल्ल्याचा पाया दगडात नाही, इथे आहे.

ग्रान सास्सोच्या कुरणांवर उन्हाळ्यात भरपूर हिरवं गवत असतं. हिवाळ्यात त्यावर बर्फ बसतो आणि जनावराला चरायला काही उरत नाही. उलट दक्षिणेला पुलिया प्रदेशात, फोज्जा शहराभोवतीच्या सपाट मैदानात हिवाळा सौम्य असतो, पाऊस पडतो, गवत उगवतं, आणि उन्हाळ्यात मात्र तेच मैदान करपून जातं. एका वर्षाचं गवत असं दोन ठिकाणी वाटलेलं होतं. म्हणून सप्टेंबर सरता सरता कळप डोंगर उतरायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत चढायचे. ही ये-जा रोमन काळापासूनची आहे. 1447 साली नेपल्सचा राजा आल्फोन्सो यानं तिला सरकारी रूप दिलं. मैदानातली हिवाळी कुरणं राजाच्या ताब्यात घेतली, मेंढपाळांनी तिथेच यायचं असं ठरवलं, वाटेत नाक्यांवर मेंढरांची मोजणी करायची आणि डोक्यामागे पट्टी घ्यायची. पुढे या खात्याचं ठाणं फोज्जाला हललं. नेपल्सच्या तिजोरीत येणाऱ्या पैशाचा फार मोठा वाटा या चराईच्या पट्टीचा होता.

पट्टीच्या बदल्यात राजानं काय दिलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यानं वाट दिली. या वाटांना त्रात्तुरो म्हणतात. लाक्विलाहून फोज्जाला जाणारा त्रात्तुरो सर्वांत मोठा, सुमारे 244 किलोमीटरचा. त्याची रुंदी साठ नेपोलिटन पावलं, म्हणजे 111 मीटर. एकशे अकरा मीटर रुंदीचा रस्ता आणि त्यावर दगड नाही, खडी नाही, नुसतं गवत! कारण कळपाला चालता चालता चरायचं असतं. पंधरवड्याचा प्रवास, आणि रस्ता हाच चारा. शेजारच्या शेतकऱ्यानं नांगर आत घालू नये म्हणून कडेला दगड रोवले होते, त्यांवर राजाच्या वाटेची खूण म्हणून दोन अक्षरं कोरलेली असत. असे काही दगड आजही शेतांच्या बांधांवर सापडतात. आणि दुसरी गोष्ट, न्याय. पट्टी भरणाऱ्या मेंढपाळाचा खटला गावोगावच्या जमीनदाराच्या कचेरीत चालत नसे, फोज्जाच्या स्वतंत्र न्यायालयात चालत असे. भटक्या माणसाला वाटेतल्या प्रत्येक सत्ताधीशानं नाडायचं, हे जगभर होत आलेलं आहे. इथे पंधराव्या शतकात त्यापासून त्याला कायद्यानं काही आडोसा मिळाला होता. तो अगदी पुरा होता असं मी म्हणणार नाही, पण तो होता.

आता किल्ल्याकडे परत या. ज्या जहागिरीच्या हद्दीतून एवढी धनदौलत चार पायांवर चालत जाते, तिला पहारा हवा की नको? पिक्कोलोमिनी घराण्यानं बुरुजाभोवती तट बांधला तो एवढ्यासाठी. आणि 1579 साली त्यांच्या वारस कोस्तान्झा पिक्कोलोमिनी यांनी ही जहागीर विकली, तेव्हा ती घेतली कोणी? फ्लोरेन्सच्या फ्रान्चेस्को दे मेदिचीनं. 1,06,000 दुकात, म्हणजे त्या काळची नाणी, मोजून. फ्लोरेन्स ही ज्याची राजधानी, त्या टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं दुसऱ्याच्या राज्यातली, डोंगरातली चार गावं एवढ्या किमतीला का घ्यावीत? फ्लोरेन्सच्या श्रीमंतीत कापडाचा हात फार मोठा होता, आणि कापडाला लोकर लागते. इथली लोकर रेशमासारखी मऊ नव्हती. कार्फान्या नावाची ही गडद रंगाची, राठ लोकर. तिची संन्याशांची वस्त्रं व्हायची आणि सैनिकांचे गणवेश व्हायचे. म्हणजे ज्यांना वस्त्र टिकायला हवं होतं, मिरवायला नको होतं, अशांची लोकर. शेजारच्या सान्तो स्तेफानो दि सेस्सानियो गावाच्या वेशीवर मेदिचींचं गोळ्यांचं राजचिन्ह अजून दगडात आहे. ते घराणं 1743 साली संपलं, तोवर हा मुलूख त्यांच्याकडे होता.

या सगळ्यात माणसं कुठे होती, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हिवाळ्यात कालाशोसारख्या गावात धडधाकट पुरुष उरत नसत. बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलं उरत. मुलगा थोडा मोठा झाला की तोही कळपामागे जाई. बर्फात दारं बुजलेली, आणि घरातल्या बाईनं सहा-सात महिने एकटीनं सगळं पाहायचं. लेकरांची आजारपणं, चुलीचं सरपण, सूत कातणं, घेणेकऱ्यांना तोंड देणं. इतिहासात जहागीरदारांची नावं आहेत, या बायकांची नाहीत. मला मात्र तिथली घरं पाहताना त्याच दिसत राहिल्या. खिडक्या इतक्या लहान आहेत की आतून चेहरा मावावा एवढ्याच.

आणि वाटेवरचा धोका म्हणजे लांडगा. तिथे पांढरे, दांडगे, केसाळ कुत्रे कळपाबरोबर असतात. पिल्लू लहान असल्यापासून मेंढरांतच वाढतं, त्यामुळे कळप हेच त्याचं कुटुंब. त्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात, खिळे बाहेरच्या बाजूला. लांडगा नेमका गळा धरतो म्हणून. एका घरात असा जुना पट्टा मी हातात घेतला होता. वजनदार होता, आणि एक खिळा वाकलेला होता.

किल्ल्यापासून थोडं अंतर चालून गेलं की उघड्या माळावर अष्टकोनी आकाराचं एक देऊळ, सान्ता मारिया देल्ला पिएता. गावकऱ्यांनी दरोडेखोरांचा पराभव केला त्या जागी ते बांधलं, अशी तिथली आख्यायिका. त्याच्या पायरीवर बसून मागे किल्ला पाहणं हा त्या ठिकाणचा सर्वांत सुंदर क्षण आहे, एवढंच सांगतो. कधी गेलात तर तिथे घाई करू नका.

2 फेब्रुवारी 1703 रोजी लाक्विला परिसरात मोठा भूकंप झाला. वरची वस्ती ढासळली, किल्ल्याचा माथा पडला. ज्यांना जमलं ते खाली कालाशोत उतरले, ज्यांच्याकडे काही नव्हतं ते वरच राहिले. पण गाव मोडलं ते भूकंपानं नाही, असं माझं ठाम मत आहे. भूकंपानंतरही दोनशेहून जास्त वर्षं माणसं तिथे राहिली. गाव मोडलं वाट मोडली तेव्हा. 1806 साली फ्रेंच राजवटीत फोज्जाचं ते खातं बरखास्त झालं. 1865 च्या कायद्यानं मैदानातली सरकारी कुरणं खासगी झाली, नांगराखाली गेली, आणि गवताच्या जागी गहू आला. त्याच सुमाराला ऑस्ट्रेलियाची लोकर बाजारात उतरली. डोंगरातल्या मेंढपाळाकडे उन्हाळ्याचं गवत राहिलं आणि हिवाळ्याचं गेलं. अर्ध्या वर्षाच्या गवतावर कळप जगत नाही. मग माणसं अमेरिकेच्या बोटीत बसली. आज कालाशोत शंभर-दीडशे माणसं राहतात. वरची वस्ती विसाव्या शतकाच्या मध्याला पूर्ण ओस पडली होती.

1980 च्या दशकात किल्ल्याची डागडुजी झाली, एका अमेरिकी चित्रपटाचं चित्रण झालं, आणि लोक येऊ लागले. मी पहिल्यांदा गेलो तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तेव्हा सान्तो स्तेफानोच्या मधोमध मेदिची बुरूज उभा होता, गोल, उंच. 6 एप्रिल 2009 च्या पहाटे, 3 वाजून 32 मिनिटांनी लाक्विलाला भूकंप झाला, 309 माणसं गेली, आणि तो बुरूज पूर्ण कोसळला. विसाव्या शतकात त्याच्या माथ्यावर घातलेल्या काँक्रीटच्या वजनाकडे अनेकांनी बोट दाखवलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या जागी लोखंडी नळ्यांचा सांगाडा होता, बुरुजाच्याच आकाराचा. गावाला आपल्या आकाशरेषेतली पोकळी सहन होत नव्हती. ते पाहून माझ्या घशाशी आलं. पुढे पडलेले दगड वापरून बुरूज पुन्हा बांधला.

2022 साली इटली सरकारनं प्रत्येक प्रांतातलं एक ओस पडत चाललेलं गाव निवडून त्याला 2 कोटी युरो देण्याची योजना केली. आब्रुत्सोतून कालाशोची निवड झाली. एवढ्याशा गावाला एवढा पैसा! मला आनंद आहे आणि काळजीही आहे. खोल्या होतील, दिवे लागतील, पायऱ्या नीट होतील. पण या पैशातला एक भाग कुरणांना, पाणवठ्यांना, मेंढपाळाच्या मुलांच्या शाळेला गेला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. 2019 साली युनेस्कोनं या मेंढपाळी स्थलांतराला मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली. तिथल्या मेंढपाळाला अजूनही भाव परवडत नाही, हेही तितकंच खरं आहे.

कारण कळप अजून आहेत. थोडे आहेत, पण आहेत. काम्पो इम्पेरातोरेच्या पठारावर आजही उन्हाळ्यात मेंढरं चरतात, आणि त्यांच्यामागे असणारी माणसं पुष्कळदा मॅसिडोनियाची किंवा रोमानियाची असतात. स्थानिक मुलं या कामाकडे वळत नाहीत. दुसऱ्या खेपेला संध्याकाळी एका वाड्याजवळ आम्ही थांबलो होतो. मी मेंढरांचा वाडा म्हणतोय. मॅसिडोनियाहून आलेला एक प्रौढ माणूस दाराच्या फटीतून मेंढरं एकेक करून आत सोडत होता आणि मोजत होता. इटालियनमध्ये नाही, आपल्या भाषेत. मोजून झाल्यावर त्यानं मान हलवली आणि सगळी बाहेर काढून पुन्हा मोजली. एक कमी भरत होती. त्यानं कुत्र्याला हाक मारली आणि तो उतारावरून खाली गेला. अंधार पडायच्या आत किल्ल्यावर पोचायचं म्हणून आमची घाई चालली होती. पण आमच्यातलं कोणी हललं नाही. अर्ध्या-पाऊण तासानं तो वर आला, तेव्हा मेंढी त्याच्या खांद्यावर होती.