सूट कुणाला, कशासाठी आणि कधीपर्यंत?

मंडळी, शहरातल्या गाड्यांवरचे निर्बंध एका ओळीत सांगता येतात. धूर जास्त सोडणारी गाडी आत आणू नका, आणलीत तर पैसे भरा. या ओळीवर फारसं कुणी भांडत नाही. भांडणं होतात ती तिच्याखाली, ‘पुढील वाहने वगळून’ या शब्दांपासून. आज मी त्या वगळलेल्या वाहनांबद्दलच बोलणार आहे.

रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचे बंब यांच्याबद्दल वाद नाही, ते बाजूला ठेवू. दिल्लीचं सम-विषम घ्या, म्हणजे नंबरचा शेवटचा अंक सम असलेल्या गाड्या एक दिवस आणि विषम असलेल्या दुसऱ्या दिवशी. जानेवारी २०१६ मध्ये पहिला पंधरवडा झाला. दुचाकींना सूट, एकट्या बाईने चालवलेल्या गाडीला सूट, सीएनजी गाडीला सूट, शिवाय राष्ट्रपती-पंतप्रधानांपासून बऱ्याच पदाधिकाऱ्यांना सूट. एप्रिलच्या फेरीत गणवेशातली शाळकरी मुलं नेणाऱ्या गाड्या यादीत आल्या. आता बघा, मुलाला शाळेच्या फाटकाशी सोडलं आणि गाडी वळवली की त्या गाडीत गणवेश उरत नाही. तीच गाडी, तोच रस्ता, पण जाताना कायदेशीर आणि परतताना बेकायदा. नाक्यावरच्या पोलिसाने काय तपासायचं? शेवटी बोलणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, एवढंच हातात उरतं. गाडी सीएनजीवर चालते हे दाखवणाऱ्या स्टिकरचंही तसंच. गैरवापर झाल्याचं सांगून २०१९ मध्ये खासगी सीएनजी गाड्यांची सूट काढून घेतली.

पण माझ्या मते सगळ्यात बोलका प्रसंग नोव्हेंबर २०१७ चा. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने सांगितलं, सम-विषम करा, पण दुचाकी आणि महिला चालक यांनाही सूट नको. दिल्ली सरकारने योजनाच मागे घेतली. दुचाकीवरून जाणारी एवढी माणसं बसमध्ये बसवायला बस नव्हत्या. म्हणजे ती सूट दुचाकीचा धूर कमी म्हणून नव्हती. सार्वजनिक वाहतुकीतलं भगदाड त्या सवलतीने झाकलं होतं, आणि झाकण काढताच ते दिसलं. सूट देण्यामागचं हे कारण चूक आहे असं मी म्हणत नाही, माणसं कामावर जाणार कशी? पण मग ते कारण यादीत तसं लिहा.

आता जर्मनी. २००८ पासून तिथल्या शहरांत पर्यावरण क्षेत्रं आहेत, म्हणजे धूर जास्त सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असलेले भाग; आत जायला काचेवर रंगीत स्टिकर लागतं. सवलतींची यादी मात्र बारकाईने वाचण्यासारखी आहे. डॉक्टरची गाडी चालते, पण तातडीच्या रुग्णासाठी निघाल्याची पाटी लावलेली असेल तरच. सूट डॉक्टर या माणसाला नाही, त्या फेरीला आहे. आणि दृष्टिहीन व्यक्ती? ती स्वतः गाडी चालवत नाही, म्हणून जी गाडी तिला घेऊन जाते त्या गाडीला सूट. लंडनच्या क्षेत्रात धूर जास्त सोडणाऱ्या गाडीला दिवसाचं शुल्क पडतं आणि ती कॅमेरे टिपतात. तिथे अपंगांसाठीची सूट प्रामुख्याने गाडी कोणत्या कर-वर्गात नोंदली आहे त्याला किंवा ठरावीक सरकारी भत्त्याला जोडलेली, अपंगांना पार्किंगसाठी मिळणारा ब्लू बॅज नुसता असून भागत नाही. कॅमेऱ्याला नंबर प्लेट कळते, आत कोण बसलंय ते कळत नाही. सोय कॅमेऱ्याची झाली आणि शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात जाणारा माणूस राहिला बाजूला.

जुन्या गाड्यांचं प्रकरण तर गंमतीचं आहे. लंडनमध्ये पंचवीस वर्षांची डिझेल गाडी आणलीत तर दिवसाला साडेबारा पौंड. तिने चाळिशी ओलांडली, ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद झाली आणि धंद्यासाठी वापरात नसली, की माफ. (जर्मनीत तिशीतच वारसा होता येतं!) याचं समर्थन असं की अशा गाड्या मोजक्या आणि रविवारी फिरायच्या. पटतं. पण त्या जपून ठेवणं परवडतं कुणाला, आणि रोज पहाटे कामावर जाणारी पंचवीस वर्षांची गाडी असते कुणाची, हेही बघा. त्या दुसऱ्या माणसाला लंडनने सूट दिली नाही. जुनी गाडी भंगारात काढायला मोटारीमागे दोन हजार पौंडांपर्यंत दिले, तेही सुरुवातीला ठरावीक भत्ते घेणाऱ्यांनाच. ऑगस्ट २०२३ मध्ये क्षेत्र सगळ्या लंडनभर पसरलं, तेव्हा कुठे ती योजना सर्व लंडनकरांना खुली झाली. मला विचाराल तर क्रम उलटा हवा होता. सूट दिली की जुनी गाडी रस्त्यावर राहते, पैसे दिले की ती जाते. म्हणून पैसे आधी, कॅमेरे नंतर.

राहिला प्रश्न मुदतीचा. लंडनमध्ये अपंगांच्या कर-वर्गातल्या गाड्यांची सूट ऑक्टोबर २०२५ पर्यंत होती, ती ऑक्टोबर २०२७ पर्यंत वाढवली. वाढवली याला माझी हरकत नाही. व्हीलचेअरसाठी बदल केलेली गाडी बाजारात उभी नसते, ती बनवून घ्यावी लागते. पण तारीख होती म्हणून ती वाढवायची की नाही याची चर्चा तरी करावी लागली. दिल्लीतल्या दुचाकींच्या सवलतीला अशी तारीख कधीच नव्हती. प्रत्येक फेरीला ती आपोआप यादीत आली, आणि बस किती वाढल्या हे त्या निमित्ताने सरकारला कुणाला सांगावं लागलं नाही.