मधली कोणती?

[दृश्य: नागपूरच्या महाल भागातली गल्ली, रविवार सकाळ]

सकाळचे साडेसात. तर्री-पोह्याच्या ठेल्याभोवती गर्दी आहे. तिथून दोन घरं पुढे, एका जुन्या घराच्या भिंतीला दहा-बारा सायकली टेकलेल्या. वरच्या खोलीत आठवीची मुलं बसली आहेत, शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीला. फळ्यावर एकच ओळ: चार क्रमागत संख्यांची बेरीज ९० आहे, त्या संख्या कोणत्या?

सगळ्या वह्यांत एकच सुरुवात. क्ष, क्ष अधिक १, क्ष अधिक २, क्ष अधिक ३. म्हणजे ४क्ष अधिक ६ बरोबर ९०. क्ष आला २१. उत्तर २१, २२, २३, २४. अगदी बरोबर.

मॅडम शेजारी दुसरी ओळ लिहितात: २५ क्रमागत संख्या, बेरीज १०००.

आता क्ष-ची रांग पानाबाहेर जाऊ लागते. ही मुलं कच्ची नाहीत, त्यांना समीकरण येतं. पण पेपरात एका प्रश्नाला जेमतेम मिनिटभर मिळतं, आणि त्या मिनिटात नुसतं समीकरण येऊन भागत नाही. गणिताकडे बघायचं कुठून, हे आधी कळावं लागतं.

[दृश्य: टेबलावर संत्र्यांचे पाच ढीग]

मॅडम पिशवीतून संत्री काढतात. पाच ढीग लावतात: ४, ५, ६, ७, ८. मग शेवटच्या ढिगातली दोन संत्री उचलून पहिल्यात ठेवतात, चौथ्यातलं एक दुसऱ्यात. पाचही ढीग ६-६चे झाले. बेरीज पाच सक तीस.

मधल्या ढिगाला हातही लागला नाही. तोच सगळ्यांची सरासरी आहे. ढीग विषम असतील तर बेरीज म्हणजे मधली संख्या गुणिले ढीग. ढीग सम असतील तर मधे संख्याच नसते, दोन संख्यांमधली फट असते. ९० भागिले ४ म्हणजे साडेबावीस. त्या साडेबावीसच्या अल्याड दोन, पल्याड दोन. झालं.

आणि १००० भागिले २५? ४०. मधली ४०, अलीकडे १२, पलीकडे १२. २८ ते ५२.

"मॅडम, पण २८ ते ५२ तर २४च होतात न!"

"काहून? २८ले मोजलं का नाही तू?"

हा एकचा फरक किती मार्क खातो, ते शिकवणाऱ्यांना विचारा. वजाबाकी केली की अंतर मिळतं. संख्या मोजायच्या तर त्यात एक मिळवायचा.

ही मधली संख्या धरायची रीत फार जुनी आहे. इ. स. ४९९ मध्ये रचलेल्या 'आर्यभटीया'त आर्यभटाने श्रेढीच्या, म्हणजे सारख्या अंतराने वाढणाऱ्या संख्यांच्या रांगेच्या, बेरजेचा नियम एका श्लोकात बसवला. आधी मध्य काढा, मग त्याला पदांच्या (रांगेतल्या संख्यांच्या) संख्येने गुणा. त्याच श्लोकात दुसरा मार्गही आहे: पहिलं आणि शेवटचं पद मिळवा, पदांच्या निम्म्याने गुणा. दहावीच्या अंकगणिती श्रेढीत पोरं जे सूत्र घोकतात, ते हेच.

[दृश्य: झिरो माइल. चार घोडे, उंच खांब]

बर्डीजवळचा हा खांब नागपूरकराला सांगावा लागत नाही. इथून वेगवेगळ्या गावांची अंतरं त्यावर मैलांत कोरलेली आहेत. मला मात्र इथे उभं राहिलं की संख्यारेषा दिसते. खांब म्हणजे शून्य. कामठीकडे अधिक, वर्ध्याकडे उणे.

प्रश्न असा येतो: उणे १७ पासून सुरू होणाऱ्या क्रमागत पूर्णांकांची बेरीज ५७ आहे, तर शेवटचा पूर्णांक कोणता? मुलं घाबरतात ती 'उणे'ला. पण उणे १७ला अधिक १७ खातो, उणे १६ला अधिक १६. शून्यापर्यंत सगळं फिटतं. मग १८, १९, २०. त्यांची बेरीज ५७. शेवटचा पूर्णांक २०. एकूण पूर्णांक किती, असं विचारलं तर निम्मा वर्ग ३७ म्हणतो. आहेत ३८. शून्य मोजायचं राहून जातं.

[दृश्य: पुन्हा वर्ग. फळ्यावर ६०, ६२, ६४, ६६]

यातली कोणती संख्या दोन किंवा अधिक क्रमागत नैसर्गिक संख्यांची (१, २, ३ अशा) बेरीज होऊ शकत नाही? ६० म्हणजे १९, २०, २१. ६६ म्हणजे २१, २२, २३. ६२ला थोडा वेळ लागतो: १४, १५, १६, १७. ६४पाशी सगळे थांबतात.

आर्यभटाची दुसरी रीत घ्या. बेरजेची दुप्पट म्हणजे पहिली अधिक शेवटची, गुणिले पदं. पदं सम असली की पहिली अधिक शेवटची विषम येते. पदं विषम असली की ती सम येते. म्हणजे या दोन गुणकांतला एक नेहमी विषम, आणि तो १ असूच शकत नाही. ६४ची दुप्पट १२८. तिच्यात दोनाशिवाय काही नाही. विषम गुणक आणायचा कुठून? म्हणून ६४ नाही, ३२ नाही, १०२४ही नाही.

मग १०००? त्याचे विषम भाजक, १ सोडून, ५, २५ आणि १२५. तीन भाजक, तीन रीती. पाच संख्या असतील तर मधली २००. पंचवीस असतील तर ४०. मागच्या बाकावरची मुलगी तिसऱ्यावर अडली आहे. १२५ संख्या, मधली ८. ८च्या अलीकडे ६२ संख्या मोजल्या की ती जाते उणे ५४वर.

"मॅडम, हे तर उणे आलं. नैसर्गिक पाहिजे न?"

मॅडम काही बोलत नाहीत, खडू पुढे करतात. मुलगी फळ्यापाशी येते. उणे ५४ ते ७० अशी रेघ ओढते. क्षणभर बघते. मग उणे ५४ पासून अधिक ५४ पर्यंत सगळं पुसून टाकते.

उरतात ५५ ते ७०. सोळा संख्या. ५५ आणि ७० मिळून १२५, ५६ आणि ६९ मिळून १२५. अशा आठ जोड्या.