पौलाचे उलटे कलम

मित्रहो, देवाने इस्राएलाची, म्हणजे यहुदी लोकांची, निवड केली आणि त्यांचा मूळपुरुष अब्राहाम याला वचने दिली, हे कोणत्याही ख्रिस्ती माणसाला नाकारता येत नाही. वाद त्यापुढचा आहे. बहुसंख्य यहुद्यांनी येशूला मसीहा मानले नाही, तेव्हा त्या वचनांचे काय झाले?

इ. स. 57च्या सुमारास प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पत्रातील नऊ ते अकरा हे अध्याय याच प्रश्नाशी झुंजतात. क्लौद्य सम्राटाने यहुद्यांना रोममधून घालवून दिले होते. ते परतले तोवर मंडळीत यहुदीतरांचे वर्चस्व झाले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या यहुदीतरांना पौल जैतुनाच्या झाडाचा दाखला देतो. लागवडीच्या जैतुनाच्या, म्हणजे इस्राएलाच्या, काही फांद्या तोडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी रानटी जैतुनाची काडी, म्हणजे यहुदीतर, बसवली गेली. कोकणातला कलमे बांधणारा हे ऐकून हसेल; रायवळ खुंटावर हापूसची काडी बांधतात, हापूसवर रायवळ कोण बांधील? पण हे कलम निसर्गाला सोडून आहे, असे पौल स्वतःच म्हणतो. माझ्या मते त्याचा सगळा युक्तिवाद त्या उलटेपणातच आहे. रानटी काडीने मिरवावे असे काही नाही, कारण तिला मूळ पोसते, ती मुळाला पोसत नाही. आणि परकी काडी ज्याने जगवली, त्याला झाडाच्याच फांद्या पुन्हा जोडणे अवघड नाही.

अकराव्या अध्यायाच्या एकोणतिसाव्या वचनात देवाच्या दानांविषयी आणि पाचारणाविषयी बोलताना पौल वाक्याच्या आरंभीच जो ग्रीक शब्द ठेवतो, त्याचा अर्थ आहे ‘ज्याचा मागाहून पस्तावा होत नाही असे’.

तरीही दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने ट्रायफो या यहुद्याशी झालेल्या संवादाच्या रूपाने ग्रंथ लिहिला, त्यात खरे इस्राएल म्हणजे आपणच, असा ख्रिस्ती लोकांचा दावा मांडला, आणि पुढे शतकानुशतके मंडळी इस्राएलाच्या जागी आली असे सर्रास शिकवले गेले. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या ख्रिस्ती उपदेशकाने याच्या उलट टोक गाठले: इस्राएल आणि मंडळी हे देवाचे दोन वेगळे लोक, आणि भूमीची वचने शब्दशः इस्राएलाचीच. वचने जपण्याची ही ओढ मला समजते, पण पौलाचे झाड एकच आहे, आणि डार्बीला दोन लागतात.

1965 साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात पौलाच्या याच अध्यायाचा आधार घेऊन, यहुदी लोक पूर्वजांमुळे देवाला आजही प्रिय आहेत, असे सांगितले. 2015 साली व्हॅटिकनच्या एका आयोगाने काढलेल्या दस्तऐवजाचे शीर्षकच त्या एकोणतिसाव्या वचनातून घेतलेले आहे. यहुदी लोक देवाच्या तारणात सहभागी आहेत, मात्र ख्रिस्ताला उघडपणे न स्वीकारता ते कसे घडते हे देवाचे अगाध रहस्य आहे, असे तो म्हणतो. ही पळवाट आहे, असा आक्षेप घेता येईल. पण पौलाचा अकरावा अध्यायही उत्तर देऊन संपत नाही, तर देवाचे न्याय किती गूढ आणि त्याचे मार्ग किती अगम्य, या उद्गारापाशी संपतो.