कुजबुजीत लपलेली आई

(तळ्यावरचं धुकं. काठावर रिकाम्या लाकडी खोल्या.)

झाडांआडून कुणीतरी बघतंय. ते कोण, हे कळत नाही, कारण आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतो आहोत. आणि कानाशी कुजबुज: कि कि कि... मा मा मा...

‘फ्रायडे द थर्टीन्थ’ हा भयपट. ९ मे १९८० ला अमेरिकेत प्रदर्शित झाला. खर्च साधारण साडेपाच लाख डॉलर, तिथली कमाई जवळपास चार कोटी. दिग्दर्शक शॉन कनिंगहॅम यांनी पटकथा पूर्ण होण्याआधीच ‘व्हरायटी’ या सिनेव्यवसायाच्या नियतकालिकात पानभर जाहिरात दिली होती. हाताशी होतं ते फक्त नाव.

चित्रीकरण झालं १९७९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, न्यू जर्सीतल्या नो-बी-बो-स्को या खऱ्याखुऱ्या बॉय स्काउट शिबिरात. सुट्टी संपून मुलं घरी गेलेली. पडद्यावर जून महिना आणि अंगावर ऑक्टोबरचा गारठा.

(खाट. गाद्या. अंधार.)

अभिनेता केव्हिन बेकनच्या गळ्यातून बाण आरपार जातो, ते दृश्य आठवतंय? रंगभूषाकार टॉम सॅविनी यांनी खोटा गळा आणि छाती बनवली. बेकन खाटेखाली गुडघ्यांवर, फक्त डोकं वर. ऐनवेळी रक्ताच्या पंपाची नळी निसटली. साहाय्यकाने ती तोंडात धरून जोरात फुंकर मारली आणि रक्त उसळलं. गळा एकच होता, दुसरी संधी नव्हती. आजही ते दृश्य अंगावर येतं, कारण जे घडलं ते कॅमेऱ्यासमोर, हातांनी घडलं.

पण मला पुन्हा या चित्रपटाकडे ओढून आणलं ते आवाजाने. संगीतकार हॅरी मॅनफ्रेडिनी यांनी एक नियम पाळला: खुनी आसपास असेल तेव्हाच पार्श्वसंगीत. खुनी शेवटपर्यंत दिसणार नव्हता, म्हणून संगीतच त्याचं शरीर झालं. त्यांनी ‘किल’मधला ‘कि’ आणि ‘मॉमी’मधला ‘मा’ घेतला, स्वतःच माइकपाशी कुजबुजले आणि तो आवाज प्रतिध्वनीच्या यंत्रातून काढला. म्हणजे खुनी कोण, हे चित्रपट आपल्याला सारखं सांगत होता. मराठी कानाला ‘मा’ कळायला काय अडचण? तरी पहिल्यांदा मला तो कुणाचा तरी श्वासच वाटला.

पुढच्या भागांतल्या खुन्याचा, जेसनचा, हॉकीचा मुखवटा इथे शोधू नका. तो १९८२ च्या तिसऱ्या भागात आला. इथला जेसन म्हणजे १९५७ मध्ये तळ्यात बुडालेला मुलगा, आणि पामेला व्होरहीज त्याची आई, शिबिरातली स्वयंपाकीण. लेखक व्हिक्टर मिलर यांनी तिला मुलासाठी जीव घेणारी आई म्हणून लिहिलं. पुढच्या भागांत ही आई मागे पडली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ती भूमिका केली बेट्सी पामर यांनी. नवी गाडी घ्यायची होती म्हणून होकार दिला, असं त्यांनीच सांगितलं होतं. पण काम बघा. जाड स्वेटर, आपुलकीचं हसू, घाबरलेल्या मुलीला जवळ घेणारे हात. मग बुडालेल्या पोराची गोष्ट सांगता सांगता नजर बदलते.

(तोंडाचा जवळून घेतलेला शॉट.)

ओठ हलतात. आवाज लहान मुलाचा: मार तिला, आई. सोडू नकोस.

आणि त्याच ओठांतून, आईच्या आवाजात, उत्तर: नाही सोडणार, जेसन. नाही सोडणार.