पुलास्कीचं किरमिजी निशाण

पडद्यावर दिसतंय ते निशाण जेमतेम 20 इंच लांब आणि तितकंच रुंद आहे. घोडेस्वाराच्या भाल्याला लावायचं, म्हणून एवढं लहान. किरमिजी रेशीम, दुहेरी कापड, कडेला झालर आणि वर पिवळ्या रेशमाचं भरतकाम. एका बाजूला ‘यूएस’ ही अक्षरं आणि त्यांच्याभोवती एक लॅटिन ब्रीद: एकवटलेलं शौर्य अधिक बलवान. ब्रीदाच्या शेवटच्या शब्दात ‘टी’ऐवजी ‘सी’ भरला गेलाय, तो आजही तसाच आहे. मागच्या बाजूला त्रिकोणात डोळा, आणि भोवती 13 तारे. ब्रिटिश राजाविरुद्ध उठलेल्या अमेरिकन वसाहती तेवढ्याच होत्या.

हे टाके घातले पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावच्या मोरेव्हियन बायकांनी.

मोरेव्हियन म्हणजे यान हुस या चेक धर्मसुधारकाची परंपरा सांगणारा प्रोटेस्टंट पंथ. लेहला गेलेल्या कुणी तिथलं मोरेव्हियन चर्च पाहिलं असेल, तर ते याच पंथाचं. 1741 मध्ये त्यांनी बेथलेहेम वसवलं. तिथे अविवाहित बायका एका मोठ्या दगडी घरात एकत्र राहायच्या. सूत कातायचं, विणायचं, भरतकाम करायचं आणि दिवसातून अनेकदा प्रार्थनेला जमायचं. डोक्यावर पांढरी टोपी, तिला गुलाबी फीत. लग्न झालं की फीत निळी, नवरा वारला की पांढरी. म्हणजे या नन नव्हत्या. त्यांनी आजन्म व्रत घेतलेलं नव्हतं, लग्न ठरलं की घर सोडता यायचं.

आणि हा पंथ शस्त्र न धरणारा. तरी युद्ध त्यांच्या दारात आलंच. बंडखोर सैन्यानं गावातलं अविवाहित पुरुषांचं घर दोनदा इस्पितळासाठी ताब्यात घेतलं. शेकडो सैनिक तिथे मेले, तापानं आणि जखमांनी. सप्टेंबर 1777 मध्ये गावातून जाताना काँग्रेसच्या, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधीसभेच्या, सदस्यांना लेखी सूचना द्यावी लागली, की या लोकांना, विशेषतः बायकांच्या घरांना, कुणीही त्रास देऊ नये. तशी सूचना काढावी लागते तेव्हा आतल्या बायकांनी किती धास्तीत दिवस काढले असतील, ते वेगळं सांगायला नको.

अशा गावात काझिमिएश पुलास्की आला. पोलंडचा कॅथलिक सरदार. मायदेशी रशियाविरुद्ध लढून हरलेला, परागंदा झालेला. 1778 च्या मार्चमध्ये काँग्रेसनं त्याला स्वतःचं पथक उभारायला परवानगी दिली: 68 भालाईत स्वार आणि 200 पायदळ. गावात सांगत आले आहेत, की त्यानं बायकांच्या घराबाहेर आपले पहारेकरी ठेवले होते. पथकाला निशाण हवं होतं, आणि या घरातल्या भरतकामाचं नाव होतं.

पुढे 1825 मध्ये एका तरुण अमेरिकन कवीनं या प्रसंगावर कविता लिहिली. तिच्यात नन आहेत, धूप आहे, वेदी आहे, आणि शेवटी हेच निशाण वीराचं कफन होतं. 20 इंचांत कफन कसं होणार? मोरेव्हियन प्रार्थनेत धूपही नसतो. पण शाळाशाळांत कविता पाठ झाली आणि खऱ्या बायका तिच्याआड गेल्या. मला याचं वाईट वाटतं, कारण खरी हकीकत जास्त मोठी आहे. शस्त्र न धरणाऱ्या, शेजारच्या घरातून प्रेतं निघताना पाहिलेल्या बायका सुई हातात घेऊन लढाईचं निशाण भरतात. ते भीतीपोटी, कृतज्ञतेनं की रोजचं काम म्हणून? माझ्या मते तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

9 ऑक्टोबर 1779. जॉर्जियातलं सव्हाना. ब्रिटिश मोर्च्यांवर अमेरिकन आणि फ्रेंच फौजांनी हल्ला केला आणि तो फसला. तोफेच्या छर्‍यांनी पुलास्की घोड्यावरून कोसळला, आणि दोन दिवसांत गेला. वय 34.

निशाण मात्र वाचलं. पथकातला अधिकारी पॉल बेन्तालू यानं ते बाल्टिमोरला नेलं. 1824 मध्ये लाफायेत, अमेरिकनांच्या बाजूनं लढलेला फ्रेंच सरदार, अमेरिकेला परत आला, तेव्हा बाल्टिमोरच्या मिरवणुकीत ते निघालं. लाफायेतनंही 1777 मध्ये ब्रँडीवाइनच्या लढाईत जखमी झाल्यावर बेथलेहेममध्येच उपचार घेतले होते. 1844 पासून निशाण मेरीलँडच्या इतिहास संस्थेकडे आहे.

बायकांचं ते दगडी घरही उभं आहे. बेथलेहेमच्या जुन्या मोरेव्हियन वस्तीला 2024 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसास्थळांत घेतलं, त्यात हे घर येतं. बाल्टिमोरला निशाण पाहिलंत, तर बेथलेहेमलाही जा.