उधाणाची रेघ आणि घराचं जोतं

श्रोतेहो, नमस्कार. गणपतीला गावी आलेला चाकरमानी मुंबईला परतताना गवंड्याला सांगून जातो, "मे महिन्यात येतो, खाडीकडची पडवी जरा पुढे काढू." पंचायतीतला ओळखीचा माणूसही "होऊन जाईल" म्हणतो. आज बोलायचंय ते या 'होऊन जाईल'बद्दल.

खाडीचं पाणी आज कुठे आहे ते बघून टेप धरू नका. कायदा मोजतो भरतीरेषेपासून, म्हणजे उधाणाचं पाणी जमिनीवर जिथवर चढतं तिथून. २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत खाडीलगतचा पट्टा या रेषेपासून ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, जे कमी असेल तेवढा धरलाय. गावाकडे या पट्ट्यात नवं घर उठवता येत नाही. जुनं अधिकृत घर मात्र दुरुस्त करता येतं, पाडून पुन्हा बांधताही येतं; फक्त जोतं, म्हणजे घराच्या पायाने व्यापलेली जागा, आणि चटईक्षेत्र होतं तेवढंच राहिलं पाहिजे. कौलं बदला, कुजलेले वासे बदला. पडवी पुढे सरकली, की जोतं वाढलं!

पट्ट्याबाहेर, पण समुद्राच्या बाजूने लागू असलेल्या सीआरझेडच्या हद्दीत, स्वतःला राहायचं घर ३०० चौरस मीटरपर्यंत असेल, तर परवानगी स्थानिक प्राधिकरणच देतं. किनारा क्षेत्र प्राधिकरणाची वेगळी शिफारस लागत नाही. हे पुष्कळांना ठाऊक नसतं, आणि मग मधल्या माणसांचं फावतं.

खरी गोची कांदळवनाची. मागच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीत, चिपी, तिवर ही खारफुटीची झाडं उगवलीत, जमीन सातबाऱ्यावर आपली, मग गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालायला कुणाला विचारायचं? विचारावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार जमीन कुणाचीही असो, कांदळवनाच्या चहूबाजूंनी ५० मीटरच्या आत बांधकाम चालत नाही. गडगा दूरच, तिथे डबरही टाकायचं नाही. दोन खोल्यांच्या मालकाला हा नियम जड जातो, हे मला मान्य आहे. पण खाजणात भराव पडला की उधाणाचं पाणी शेजाऱ्याच्या वाडीत शिरतं, आणि भांडण तिथून सुरू होतं.

तेव्हा चिऱ्याची ऑर्डर देण्याआधी आपल्या सर्व्हे नंबरचा मंजूर किनारा नकाशा बघून घ्या. अर्जासोबत जुन्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आणि जोत्याची मापं जोडा. जुन्या घराचे फोटो काम सुरू होण्याआधीच काढून ठेवा. नंतर जुनं जोतं कुठवर होतं ते दाखवणार कसं?